एकशे अठरा नंबरची चिठ्ठी

बस जरा. दिवे गेलेत म्हणजे अर्धा-पाऊण तास तरी तुझा फॉर्म काही निघत नाही, आणि अंधारात दोन जिने चढून जाण्यात शहाणपण नाही. हा चार्जिंगचा दिवा इथे स्टुलावर ठेवते. उजेड नावापुरताच आहे, पण एकमेकींची तोंडं दिसली तरी पुष्कळ.

तो नाही गं. तुझा फॉर्म मी टेबलावरच्या पांढऱ्या प्रिंटरवर काढणार होते. हा कोपऱ्यातला करडा, याला हात लावू नकोस. याची केबल बघ, नुसती लोंबतेय, दुसरं टोक कशालाच जोडलेलं नाही. तरी मी याच्यात रोज कागद भरून ठेवते आणि याचं बटण दिवसरात्र चालू असतं. दिवे गेले की हा बंद पडतो, मग माझा जीव नुसता वर-खाली होतो. घरात येणारा प्रत्येक जण विचारतो, हे काय आहे म्हणून. आमच्या घरच्यांनी तर ठरवूनच टाकलंय, की हिचा एक स्क्रू ढिला झालाय. जन्मभर मी लोकांचे स्क्रू आवळले, आता माझा कोण आवळणार.

तू उद्या सकाळी ज्या हॉस्पिटलात ॲडमिट होणार आहेस ना, हा तिथलाच. पाय मोडला होता तेव्हाही तू तिथेच होतीस म्हणालीस, पाचेक वर्षं झाली असतील. म्हणजे खालचा जुना वॉर्ड तुला ठाऊक आहे. बायका-पुरुष मिळून दहा खाटा आणि टोकाला सिस्टरचं टेबल. मग तुला सांगायला हरकत नाही. घाबरवायला नाही सांगत. गोष्टीचा शेवट चांगला आहे. निदान आत्तापर्यंत तरी चांगला आहे.

गेल्या वर्षी माझ्या ताईच्या पित्ताशयात खडे झाले. दोन वेळा रात्रभर गडाबडा लोळली बिचारी. डॉक्टर म्हणाले, आता काढूनच टाकू. दिवस ठरला, वेळ ठरली, दुपारी चार. दाजी कामासाठी परगावी, म्हणून सोबतीला मी. टॉवेल, ताईचा चष्मा, पाण्याची बाटली घेतली आणि सवयीने माझी कामाची पिशवीही खांद्याला अडकवली. ताई म्हणाली, "अगं, ती पिशवी कशाला? मला काय स्क्रू ड्रायव्हरने उघडणार आहेत?" तिला भीती वाटली की ती विनोद करते. लहानपणापासूनची खोड आहे तिची.

दोन वाजले असतील. वरच्या वॉर्डातली कुरळ्या केसांची सिस्टर धापा टाकत आली आणि म्हणाली, "तुम्हीच ना त्या प्रिंटरवाल्या मावशी?" मावशी. फार तर दहा वर्षांनी मोठी असेन मी तिच्याहून. पण तोंड उघडायची वेळ नव्हती. प्रिंटर सकाळपासून बंद होता. ऑपरेशनच्या आधी सही घ्यायचे कागद, तपासण्यांची यादी, सगळं त्याच्यावरच निघतं. आणि कागदांशिवाय पेशंटला आत घेत नाहीत, हा तिथला नियम. उशीर झाला तर मोठे डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलात निघून जाणार आणि ऑपरेशन जाणार पुढच्या आठवड्यावर. ताईने माझ्याकडे नुसतं बघितलं. आणखी एक आठवडा ते दुखणं काढायचं म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको होतं.

"जा बाई," ती म्हणाली, "कर तुझ्या त्या डब्याला सरळ."

खाली रंगकाम चालू होतं. वॉर्ड वर हलवलेला, कॉम्प्युटर आणि प्रिंटर मात्र जुन्या जागीच राहिलेले. कागद हवा की सिस्टर लोकांनी खाली पळायचं. त्या दिवशी रंगारीही आले नव्हते. दहाच्या दहा खाटा उघड्या, गाद्या गुंडाळून डोक्याशी ठेवलेल्या. काचांवर रंग उडू नये म्हणून खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली होती. भर दुपारी दोन वाजता मला बल्ब लावावा लागला. टर्पेंटाइनचा वास असा की कपाळ ठणकायला लागावं. कुठेतरी एक नळ ठिबकत होता. माणसांनी भरलेली जागा रिकामी झाली ना, की ती नुसती रिकामी वाटत नाही, वाट बघत असल्यासारखी वाटते. मी मनाशी म्हटलं, चल, वीस मिनिटांचं काम आहे.

आता यूएसबीचा प्रिंटर चालेना, की माणसं आधी त्याला थोपटतात आणि मग शिव्या घालतात. मी आधी विचारते. त्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स मीच घातलंय, व्हायरसचा ताप नको म्हणून. लिनक्सचा स्वभाव आमच्या थोरल्या काकूसारखा. आपणहून तक्रार करणार नाही, पण नीट विचारलंस तर काय खुपतंय ते अचूक सांगेल. मी पहिला प्रश्न विचारला, यूएसबीला कोण कोण जोडलंय? उत्तर आलं, कीबोर्ड आणि माऊस. बास. प्रिंटर शेजारी दिवा लावून बसलाय, पण कॉम्प्युटरच्या लेखी तो जन्मालाच आलेला नाही. म्हणजे दोष मधल्या केबलचा. वाकून बघितलं तर रंगाऱ्याच्या शिडीचा पाय नेमका केबलवर पडलेला, चेचून चपटी झालेली. पिशवीतली नवी केबल लावली, परत विचारलं, आणि यादीत प्रिंटर हजर.

अर्धी लढाई जिंकले. पण कागद निघेना. इथेच भले भले वेडे होतात. केबल बदलली, प्रिंटर दिसतोय, मग छापत का नाही? तर त्याचं असं आहे, की प्रिंटर एकदा सापडला नाही ना, की लिनक्स त्याला थांबवून ठेवतं. बाबा, तू सध्या विश्रांती घे. आणि नंतर केबल ठीक झाली, तरी कोणीतरी येऊन "चल ऊठ" म्हटल्याशिवाय त्याला उठवत नाही. शहाणं आहे, पण फार आज्ञाधारक. तर त्याला उठवायच्या आधी मी रांग बघितली, म्हणजे छापायला दिलेली कामं एकामागे एक थांबलेली असतात ती यादी. बघून हसूच आलं. सकाळपासून प्रत्येकीने तोच कागद पाच-पाचदा दिला होता. लिफ्टचं बटण दाबतात ना लोक, तसं. कामांचे नंबर चार हजार दोनशेच्या पुढचे. आणि त्या सगळ्यांच्या वर, पहिल्या जागी, एक काम होतं. नंबर एकशे अठरा. देणाऱ्याचं नाव, सिस्टर-एक. तारखेची जागा कोरी.

मला जरा नवल वाटलं. हा कॉम्प्युटर मी आठ महिन्यांपूर्वी नवा बसवला होता. त्याच्यावर नावं तीनच, वॉर्ड, ऑफिस आणि डॉक्टर. सिस्टर-एक असं नाव मी घातलंच नव्हतं. पण घड्याळात अडीच होत आले होते. मी माझ्या नेहमीच्या सवयीने केलं. रांग तुंबली की सगळी कामं रद्द करायची आणि कोऱ्या पाटीवर सुरुवात करायची. ज्याला हवं असेल तो परत देईल. वीस वर्षं हेच करत आलेय. कोणाचं काही बिघडलं नाही, असं आपलं मी समजत होते.

रद्द केलं. सगळी कामं गेली. एकशे अठरा गेलं नाही.

परत रद्द केलं. गेलं. मी प्रिंटरला उठवायला गेले, तर ते परत वर येऊन बसलेलं. बरं, म्हटलं, हट्टी आहेस तर तुझ्या मुळालाच हात घालू. थांबलेली कामं कॉम्प्युटर ज्या कप्प्यात ठेवतो तो कप्पाच उघडला. रिकामा. आत कागदाचा कपटासुद्धा नाही. म्हणजे जे छापायचं ते तर कुठेच नाही आणि रांगेत मात्र उभं आहे. छपाईचा सगळा कारभार बंद करून पुन्हा चालू केला. एकशे अठरा. शेवटी तो प्रिंटरच यादीतून काढून टाकला आणि दुसऱ्या नावाने नव्याने जोडला. नव्या नावाखाली रांग उघडली...

एकशे अठरा. सिस्टर-एक. वाट बघत आहे.

मी भुताखेतांना मानणारी नाही. अंधारात मीटर बॉक्स उघडणारी बाई मी, मला विजेची भीती वाटते, भुतांची नाही. पण त्या टर्पेंटाइनच्या वासाखाली आता दुसरा एक वास यायला लागला होता. निलगिरीच्या तेलाचा. आधी वाटलं, कोणीतरी बाटली सांडली असेल. वास हळूहळू जवळ आला. आणि नळाचं ठिबकणं थांबलं.

तेवढ्यात दार वाजलं आणि मी जवळजवळ किंचाळलेच. कुरळ्या केसांची सिस्टर दारात. "मावशी, राहू द्या आता. डॉक्टरांना घाई आहे. त्यांनी हाताने लिहून सह्या घेतल्या. ताईंना आत घेतलंय." आणि गेलीसुद्धा.

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. काम झालं. नाही झालं तरी झालं. ताईचं आजच होणार, आणि मला त्या खोलीत एक क्षणही थांबायची गरज नव्हती. चेचलेली केबल गुंडाळून पिशवीत टाकली, स्क्रू ड्रायव्हर टाकला, चेन ओढली. कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला.

टक टक.

टेबलाच्या पत्र्यावर. पेनाच्या मागच्या टोकाने वाजवावं तसं. दोनदा.

मी वळले नाही. वळून बघायची माझी छाती नव्हती. पण तो आवाज मी ओळखला, आणि तो वासही कोणाचा ते माझ्या लक्षात आलं.

तुला आठवत असतील त्या. मोठ्या सिस्टर. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, बारा महिने सर्दी आणि रुमालावर निलगिरीचं तेल. काही हवं असलं की तोंडाने हाक मारायच्या नाहीत, पेनाने टेबलावर टक टक करायच्या. पाच वर्षांपूर्वी ताई तापाने तिथेच ॲडमिट होती. सात नंबरची खाट. मी तिला बघायला गेले होते आणि नेमका हाच प्रिंटर अडलेला, म्हणून मोठ्या सिस्टरांनी मलाच कामाला लावलं. तेव्हाही यूएसबीचंच दुखणं होतं. तेव्हाही मी रांग उघडली होती. त्या माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या.

"माझ्या चिठ्ठ्या आहेत गं रांगेत," त्या म्हणाल्या, "त्या तेवढ्या निघू देत."

मी म्हटलं, "सिस्टर, आधी रांग मोकळी करू दे. तुम्ही परत द्या."

"परत? माझी ड्यूटी संपली. आज छातीत जरा भरून आल्यासारखं वाटतंय, घरी जाऊन पडते."

"मग उद्या द्या की."

त्या हसल्या. म्हणाल्या, "उद्या कोणी बघितलाय?" आणि मी त्यांच्यादेखत सगळं रद्द केलं. एक बटण. माझी सवय. त्या रात्रीच त्या गेल्या. मला दोन दिवसांनी कळलं, मी चुकचुकले, आणि माझ्या कामाला लागले. त्या चिठ्ठ्या कसल्या होत्या, कोणाच्या होत्या, हे मी विचारलंसुद्धा नाही.

आता मी त्या टेबलाशी उभी होते. कॉम्प्युटरवर त्या एका कामापुढे दोन पर्याय होते. रद्द करा. सोडा, म्हणजे छापायला जाऊ द्या. मी विचारलं...

"सोडू का... सिस्टर?"

टक टक.

मी सोडलं. प्रिंटरने कागद ओढला. तो आवाज मी आयुष्यात हजारो वेळा ऐकलाय, पण त्या दिवशी तो संपतच नाही असं वाटलं. एक कागद बाहेर आला. वरच्या कोपऱ्यात चौकोन आणि चौकोनात ठळक अक्षरं. ताईचं नाव. सासरचं, पूर्ण. वय. खाट सात. पाच वर्षांपूर्वीची तारीख. खाली लिहिलं होतं, चाचणीच्या डोसला अंगावर गांधी, ओठ सुजले, धाप लागली. पेनिसिलिन देऊ नये. फाइलीच्या वर चिकटवणे.

ते घामोळं नव्हतं तर. ताई आजवर सांगत आली होती, "त्या तापात मला घामोळं किती उठलं होतं गं." तापाच्या ग्लानीत होती ती, तिला काय कळणार. फाइलीवर चिठ्ठी लागलीच नाही, कारण ती कधी छापलीच गेली नाही. कारण मी रांग मोकळी केली होती.

जिना कसा चढले ते मला आठवत नाही. चप्पल एक खाली राहिली, एक पायात. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी सिस्टरने मला अडवलं, मी तिला ढकलून आत गेले. हो, ढकललंच. ताई टेबलावर, टोपी घातलेली, हाताला सलाईन. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई इंजेक्शन भरून सलाईनच्या नळीशी वाकलेल्या. मी तो कागद त्यांच्या डोळ्यांपुढे धरला.

त्यांनी वाचला. मग हातातल्या इंजेक्शनकडे बघितलं. ते त्याच जातीतलं होतं, ऑपरेशनच्या आधी जंतू होऊ नयेत म्हणून देतात ते.

"कोणी दिली ही चिठ्ठी?" त्यांनी विचारलं.

"मोठ्या सिस्टरनी."

त्या नव्या होत्या, त्यांना मोठ्या सिस्टर माहीत नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "त्यांचे उपकार माना." आणि ते इंजेक्शन ट्रेमध्ये बाजूला ठेवलं.

दुसरं औषध मागवलं. सगळं एक तास उशिरा झालं, मोठे डॉक्टर कुरकुरले आणि थांबले. मी बाहेरच्या बाकावर बसून पोटभर रडले. लाज नाही वाटली. कुरळ्या केसांच्या सिस्टरने माझी खाली राहिलेली चप्पल आणून पायाशी ठेवली आणि शेजारी बसली. त्या दिवसापासून तिने मला मावशी म्हटलं तरी मी रागावत नाही. संध्याकाळी ताईला शुद्ध आली. डोळे पुरते उघडायच्या आत विचारते, "झाला का तुझा डबा सरळ?" मी तिचा हात धरून म्हटलं, झाला गं, अगदी सरळ झाला. पुढे चाचणी केली तेव्हा डॉक्टर म्हणाले, ते इंजेक्शन दिलं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही. डॉक्टर लोक असं म्हणतात तेव्हा त्यांना सांगता येत असतं. आज ताई ठणठणीत आहे, काल फोनवर माझ्याशी भांडलीसुद्धा.

आता तू विचारशील, ते काम जुन्या कॉम्प्युटरातून नव्यात आलं असेल. मीही त्याचाच आधार शोधत होते. पण जुना कॉम्प्युटर मीच मोडीत काढला होता. त्याची डिस्क तुला दाखवू? ते कपाट बघ, डुगडुगतं म्हणून पायाखाली काहीतरी सारलंय ना. तीच ती. नव्यात मी जुनं काही घेतलंच नव्हतं.

त्या रात्री ताईच्या उशाशी बसले असताना मला आणखी एक गोष्ट आठवली आणि माझी झोप उडाली. मोठ्या सिस्टर चिठ्ठी म्हणाल्या नव्हत्या. चिठ्ठ्या म्हणाल्या होत्या. डोळे मिटले आणि पाच वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटरचा तो पडदा जसाच्या तसा समोर आला. सिस्टर-एक, तीन कामं. एकशे अठरा, एकशे एकोणीस, एकशे वीस. त्या दिवशी वॉर्डात दहा माणसं होती. एक माझी बहीण. उरलेली दोन कोण? आपल्याला काय चालत नाही हे ठाऊक नसताना ती कुठेतरी हिंडत होती, सर्दी-पडशाला डॉक्टरकडे जात होती. आणि ते ज्यांना ठाऊक होतं त्यांच्यादेखत मी ते पुसून टाकलं होतं. हॉस्पिटलात जुनी कागदपत्रं उपसून बघितली. ज्यात खाटेवर कोण होतं ते लिहितात, ती त्या महिन्याची वही पाण्याने भिजून लगदा झालेली.

वॉर्डासाठी नवा प्रिंटर आला, तेव्हा हा करडा मी मागून घेतला. टाकायचाच होता त्यांना. घरी आणला, कागद भरला, चालू केला. मुद्दाम कशाला जोडला नाही. जोडला असता तर सवयीने कधी माझा हात त्या बटणावर गेला असता, कोणी सांगावं. पाच महिने काही झालं नाही. मग एका दुपारी मी भाजी निवडत बसले होते आणि निलगिरीचा वास आला. मी उठून इथे आले, तोवर एक कागद बाहेर येऊन पडला होता. एकशे एकोणीस. मागच्या गल्लीतल्या शिंपीकाकांचं नाव. देऊ नये म्हणून लिहिलं होतं ते दुखण्यावरचं एक साधं औषध, कोणीही सहज देईल असं. मी तशीच त्यांच्याकडे गेले. काका आधी हसले मला. मग त्यांची बायको आतून आली, आणि तिच्या हातात त्याच औषधाचं पाकीट, नुकतंच आणलेलं, अजून न फोडलेलं. काकांची कंबर धरली होती सकाळपासून. हल्ली त्यांच्या दुकानावरून गेले की मशीन थांबवून मला हात करतात.

तर अशी गोष्ट. दोन चिठ्ठ्या पोचल्या. मी आता कोणाचीही रांग न विचारता पुसत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, बाई फार चौकशा करते. करते बाबा. एकेका कामापुढे बोट ठेवून विचारते, हे कोणाचं, हे हवंय का. वेळ लागतो. लागू दे.

तिसरी राहिलीय. म्हणून दिवे गेले की जीव वर-खाली होतो. नेमकी आताच निघायची असेल तर काय, असं वाटत राहतं...

तुला काही वास येतोय का?

नाही, स्वयंपाकघरातून नाही. इथेच. थांब, उठू नकोस, माझा हात धर. घाबरू नकोस गं. दिवे आले नाहीत अजून, बरोबर आहे, बाहेर रस्ताभर अंधारच आहे. हा आवाज याचाच. कागद ओढतोय. दीड वर्ष मी हा आवाज ऐकायची वाट बघतेय, माझ्या छातीवरचा दगड उतरतोय आज. आली बाई एकदाची. आणि वेळेवर आली असणार, त्यांची कुठलीच चिठ्ठी उशिरा येत नाही.

दिवा जरा इकडे आण. नाव वाचू दे.